सातेरीच्या पेटीत अळ्या मरतात, टेट्रासायक्लिन द्यावे का?

प्रश्न : काजूच्या बागेत सातेरी मधमाशीच्या चार पेट्या आहेत. अळ्या मरून पाण्याच्या पिशवीसारख्या होत आहेत. पाकात टेट्रासायक्लिन द्यावे, असे शेजारी सांगतात. खात्याला कळले तर पेट्या जप्त होतील का?
– एक वाचक, मालवण तालुका

उत्तर : जप्तीची भीती मनातून काढून टाका, आणि टेट्रासायक्लिनही देऊ नका. तुमचे वर्णन थाई सॅकब्रूडशी जुळते. हा विषाणूजन्य रोग आहे. 1991-92 च्या सुमारास त्याने दक्षिण भारतातील सातेरीच्या वसाहती मोठ्या प्रमाणावर उद्ध्वस्त केल्या. टेट्रासायक्लिनसारखे प्रतिजैविक विषाणूवर चालत नाही, उलट त्याचा अंश मधात उतरतो. मेलेल्या अळीला आंबूस वास असेल, तर मात्र फाउलब्रूड हा जिवाणूजन्य रोग असू शकतो. म्हणून आधी निदान करून घ्या.

सॅकब्रूडवर औषध नाही, पण माशा सावरू शकतात. रोगट पोळी काढून जाळा. राणीला दोन-तीन आठवडे पिंजऱ्यात ठेवा, म्हणजे नवी अंडी थांबून रोगाची साखळी तुटते. साखरेचा पाक द्या, मात्र बाहेर सांडू देऊ नका, नाहीतर लुटालूट होऊन रोग पसरेल. एका पेटीची चौकट दुसरीत घालू नका. हा मोह फार महाग पडतो! जोमदार वसाहतीतून नवी राणी तयार करणे सर्वांत उत्तम.

मार्गदर्शन खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या महाबळेश्वर येथील मध संचालनालयाकडे मिळेल. राष्ट्रीय मधमाशी मंडळाच्या मधुक्रांती पोर्टलवर पेट्यांची नोंदणीही करता येते. मध बाटलीत भरून विकणार असाल, तर अन्नसुरक्षा नोंदणी लागेल.