खिशातलं लोहचुंबक

गोळीचा वेग मोजणाऱ्या क्रोनोग्राफवर आकडा आला ५४०. मार्शलनं पुन्हा मारायला सांगितलं. ५३८. त्यानं रायफलीच्या नळीला लाल पट्टी गुंडाळली आणि नुसती मान हलवली. इंग्लंडमधलं ओलं जंगल, नोव्हेंबरची सकाळ, दोन तास गाडी हाकून आलेला मी, आणि खेळ सुरू होण्याआधीच संपलेला.

रायफल अर्थातच खरी नव्हती. एअरसॉफ्टच्या बंदुकी ६ मिलिमीटरच्या प्लॅस्टिकच्या गोळ्या हवेच्या दाबानं फेकतात. माझी होती ली-एनफील्ड एसएमएलईची प्रतिकृती. दोन महायुद्धं लढलेली, बंगालात इछापूरच्या कारखान्यातही बनलेली आणि आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर कित्येक दशकं दिसलेली तीच थ्री-नॉट-थ्री. आमचे अण्णा पोलिसांत शस्त्रागार सांभाळायचे. लहानपणी घरात त्यांच्या कपड्यांना येणारा तेलाचा वास हाच माझा या रायफलीशी पहिला परिचय. म्हणून हौसेनं खेळायचं ठरलं तेव्हा दुसरी कुठली बंदूक डोक्यात आलीच नाही.

ब्रिटनमध्ये हुबेहूब नकली बंदूक कुणालाही विकत नाहीत. २००६ च्या व्हायोलंट क्राइम रिडक्शन ॲक्टनं त्यावर बंदी आणली. नियमित एअरसॉफ्ट खेळणाऱ्यांना सूट आहे, पण ते सिद्ध करावं लागतं. त्यासाठीचा रुळलेला मार्ग म्हणजे ‘युकारा’ या एअरसॉफ्ट विक्रेत्यांच्या संघटनेची नोंदणी. निदान ५६ दिवसांच्या काळात तीन खेळ खेळल्याशिवाय ती मिळत नाही. नोंदणी नसेल तर भडक रंगानं रंगवलेली ‘टू-टोन’ बंदूक घ्यायची. भाड्याच्या बंदुकीनं खेळत मी ते दोन महिने काढले. तिथं धीर धरला आणि नेमका खरेदीच्या वेळी सोडला.

विकणारा म्हणाला, “अस्सल लाकूड, अपग्रेडेड, ४४० एफपीएस.” फोटोत अक्रोडी रंगाचं लाकूड थेट नळीच्या तोंडापर्यंत आलेलं, दस्त्याच्या मागे पितळी पत्रा, त्याला तेलाची बाटली ठेवायचं झाकणसुद्धा. मी पाघळलो. सव्वातीनशे पौंड दिले. सेकंदाला ४४० फूट हा वेग कोणत्या वजनाच्या गोळीचा, हे मात्र विचारलं नाही.

पहिली चूक ती. ०.३० ग्रॅमची गोळी सेकंदाला ४४० फूट गेली काय किंवा ०.२० ग्रॅमची ५४० फूट गेली काय, ऊर्जा तीच: २.७ जूल. विकणारा खोटं बोलला नव्हता, अर्धं बोलला होता. इथल्या कायद्यात एकेक गोळी मारणाऱ्या एअरसॉफ्ट बंदुकीला २.५ जूलची मर्यादा आहे, ऑटोमॅटिकला १.३ ची. त्यापलीकडे गेली की कायद्याच्या लेखी ती एअरसॉफ्ट उरतच नाही. तेव्हा पहिला धडा: एफपीएस सांगितला की लगेच गोळीचं वजन विचारा, नाहीतर सरळ जूलमध्येच बोला. आणि ‘अपग्रेडेड’ या शब्दाचा अर्थ एवढाच घ्या की आधी कुणीतरी ती उघडलेली आहे. काय बदललं, कुणी बदललं आणि काढलेला मूळ भाग कुठाय, हे तिन्ही विचारा.

घरी येऊन मी मऊ स्प्रिंग बसवली आणि अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. कौतुक होईल म्हणून बोल्ट मागे-पुढे करून दाखवला. अण्णा म्हणाले, “आरं, मागं वढताना एवढं बळ का लागतंय? आमच्या थ्री-नॉट-थ्रीला फुडं दाबताना लागायचं.”

अण्णांनी साताऱ्यात बसून, फोनच्या पडद्यावर, माझ्या हाताच्या हालचालीवरून नकली रायफल ओळखली. खऱ्या ली-एनफील्डचा बोल्ट मागे अलगद येतो. पुढे ढकलताना शेवटच्या टप्प्यात स्प्रिंग दाबली जाते. म्हणून तर ती इतकी भराभर चालवता यायची. स्प्रिंगवरच्या एअरसॉफ्टमध्ये उलट असतं. बोल्ट मागे ओढतानाच आतला पिस्टन जाड स्प्रिंगसकट मागे जातो आणि एका छोट्या खुंटीवर अडकतो. तिला सिअर म्हणतात. चाप दाबेपर्यंत सगळा ताण ती एकटी धरून ठेवते. हा दोष नव्हे, या यंत्राचा स्वभावच तसा. पण बंदूक टिकणार की नाही, हे लाकडावर नाही, त्या खुंटीवर ठरतं.

माझी खुंटी तिसऱ्या खेळात तुटली. आधीच्या जबर स्प्रिंगनं ती केव्हाच झिजली होती. बोल्ट ओढला की सुटायचा, अडकायचाच नाही. गावी गेलो तेव्हा तो तुकडा अण्णांना दाखवायला नेला. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि मोडलेली बाजू उजेडाकडे धरली. राखाडी, गुळाच्या ढेपेसारखी रवाळ. मग कपाटातून जुन्या रेडिओच्या स्पीकरचं लोहचुंबक काढून लावून पाहिलं. चिकटलं नाही. “पोलाद न्हाई हे. जस्त हाय,” एवढंच म्हणाले आणि चहा मागवला.

त्यानंतर मी रायफल पाहायला जातो तेव्हा खिशात फ्रिजवरचं एक लोहचुंबक असतं. जस्ताच्या मिश्रधातूला आणि ॲल्युमिनियमला ते चिकटत नाही, साध्या पोलादाला चिकटतं. बाहेरच्या पट्ट्या जस्ताच्या असल्या तरी बिघडत नाही. पिस्टनचं टोक आणि सिअर पोलादी हवेत. सेकंड-हँड असेल तर ट्रिगर बॉक्स उघडून दाखवायला सांगा. नव्या बंदुकीची वॉरंटी त्यानं जाऊ शकते, म्हणून तिथं दुकानदाराला लेखी विचारा. उत्तर टाळलं तर तेच उत्तर समजा.

आता सुट्या भागांचं. ऐतिहासिक रायफलींचा खप कमी. एखाद्या कंपनीनं मॉडेल बंद केलं की तिच्या मॅगझिनसाठी वर्षभर वणवण होते. म्हणून आतली रचना टोकियो मारुईच्या व्हीएसआर-१० च्या धर्तीची आहे का, हे आधी पाहा. त्या मापाचे सिलिंडर, स्प्रिंग, सिअर अनेक जण बनवतात. मॅगझिन मात्र बहुधा त्याच मॉडेलचं लागतं, तेव्हा रायफलीबरोबरच निदान तीन घ्या.

गॅसवर चालणारी, पितळी काडतूस बाहेर फेकणारी रायफल दिसली की मन हरखतं. पण ग्रीन गॅस म्हणजे मुख्यतः प्रोपेन. थंडीत त्याचा दाब उतरतो आणि जानेवारीत गोळी पायापाशी पडते. शिवाय काडतुसं गवतात हरवतात ती वेगळीच. हौसेनं घरी ठेवायची असेल तर ती घ्या, चिखलात खेळायचं असेल तर स्प्रिंगची बरी.

पैसे देण्याआधी तुम्ही ज्या वजनाच्या गोळीनं खेळणार, त्याच गोळीच्या दहा फैरी क्रोनोवर मारून पाहा. आकडे पाच-सहा फुटांच्या फरकात राहिले तर आतली हवा नीट कोंडली जातेय. तीस-चाळीसचा फरक पडला तर कुठेतरी गळती आहे. मग हॉप-अप पाहा. गोळीला उलटी फिरकी देऊन लांब नेणारा हा रबरी तुकडा जुळवायला प्रत्येक वेळी लाकूड उतरवावं लागत असेल, तर भर पावसात तुम्ही ते करणार नाही, हे स्वतःशी कबूल करा.

आणि बंदूक खेळण्यातली असली तरी ती तशी आहे हे फक्त तुम्हाला माहीत असतं. बसथांब्यावर उभ्या माणसाला ती रायफलच दिसते. म्हणून घरापासून मैदानापर्यंत बंद पिशवीत न्या, खिडकीशी उभं राहून बोल्ट ओढू नका. भारतात आणायचं मनात आलं तर इथले नियम तिथं चालतील असं धरू नका. कस्टमकडून लेखी उत्तर आल्याशिवाय ती बॅगेत भरू नका. मी गावी नेला तो फक्त तुटका तुकडा.

दुसरी रायफल घेऊन आता दोन हिवाळे झाले. लाकूड साधंच आहे, पितळी पत्रा नाही. सिअरला लोहचुंबक घट्ट चिकटतं. पहिल्या दिवशी अण्णांना कॉल करून बोल्ट ओढून दाखवला. ते थोडा वेळ पाहत राहिले.

“उलटीच चालतीया अजून,” ते म्हणाले. “पर टिकंल.”