पेरणाऱ्याने खचू नये

शास्त्रवाचन : प्रेषितांची कृत्ये १८:१-११, १ करिंथ ३:५-९
पाठांतरासाठी : गलती ६:९

आपल्या मंडळ्यांत एक वाक्य अनेकदा ऐकू येते : "इतकी वर्षे सांगितले, पण काय उपयोग झाला?" शब्बाथशाळेची शिक्षिका हे म्हणते, कारण तिच्या वर्गात पूर्वी वीस मुले होती, आता पाच उरली आहेत. कारखान्यात काम करणारा बंधू म्हणतो, कारण सोबती त्याच्या विश्वासाची थट्टा करतात. आई म्हणते, कारण मोठा झालेला मुलगा उपासनेला येत नाही. हा प्रश्न आळशी माणसाचा नव्हे. ज्याने खरोखर श्रम केले आहेत त्याच्याच तोंडून तो निघतो. म्हणून त्याला दटावून गप्प न करता वचनाच्या उजेडात उत्तर शोधू या.

१. थकलेला प्रेषित

पौल करिंथास आला तो विजयाच्या डौलात नव्हे. फिलिप्पैत त्याला फटके बसले होते, थेस्सलनीकाहून रातोरात निघावे लागले होते, बिरुयातही विरोधक पाठीवर आले होते आणि अथेनैत काहींनी त्याची टर उडवली होती. आपण करिंथात अशक्त, भयभीत व कापत आलो होतो, असे तो पुढे स्वतःच लिहितो (१ करिंथ २:३). थोर प्रेषितालाही भीती वाटली. तेव्हा आपल्याला निराशा आली म्हणजे आपला विश्वास खोटा, असे समजण्याचे कारण नाही.

करिंथात त्याने काय केले ते पाहा. अक्विल्ला व प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून तो तंबू शिवण्याचा धंदा करी आणि दर शब्बाथी सभास्थानात बोले. तेथे विरोध व निंदा झाली तेव्हा तो उठला आणि सभास्थानाला लागूनच असलेल्या तीत युस्ताच्या घरी गेला. त्याने दार बदलले, गाव सोडले नाही. पुढे त्याच सभास्थानाचा अधिकारी क्रिस्प याने आपल्या घराण्यासह विश्वास ठेवला.

येथे एक गोष्ट सहसा आपल्या नजरेतून निसटते. प्रभूने रात्री दर्शन देऊन पौलाला धीर दिला, तो क्रिस्पाने विश्वास ठेवल्यानंतर. म्हणजे थोडे फळ दिसल्यावरही पौलाचे भय गेले नव्हते. प्रभूने त्याला बोलत राहण्यास सांगितले, आपण सोबत असल्याचे वचन दिले आणि त्या नगरात आपले पुष्कळ लोक आहेत हेही कळविले. पौलाला ते लोक अद्याप दिसत नव्हते, पण प्रभूला ठाऊक होते. त्या वचनावर विसंबून तो दीड वर्ष तेथे राहिला.

२. मोजमाप कोणाचे?

याच करिंथच्या मंडळीला पौल पुढे शेताचा दाखला देतो. एकाने लावले, दुसऱ्याने पाणी घातले, पण वाढ देवाकडून आली. आपल्या निराशेचे मूळ बहुधा येथेच सापडते. जे काम देवाने स्वतःकडे ठेवले आहे त्याचा हिशेब आपण मांडत बसतो, आणि जे काम आपल्याकडे दिले आहे ते त्या हिशेबापायी सोडून देतो. आपल्याकडचा शेतकरी पाऊस आपल्या हाती नाही म्हणून पेरणी टाकीत नाही. पहिली पेरणी वाया गेली तर उसनवार करून बी आणतो आणि दुबार पेरणी करतो.

३. आपल्या इतिहासाची साक्ष

विल्यम केरी १७९३ च्या नोव्हेंबरात बंगालमध्ये उतरले. पुढल्याच वर्षी त्यांचा लहान मुलगा वारला आणि पत्नीच्या मनाचा तोल गेला. पहिला बंगाली मनुष्य, कृष्ण पाल नावाचा सुतार, याचा बाप्तिस्मा झाला २८ डिसेंबर १८०० रोजी. मध्ये सात वर्षे गेली. पुढे १८१२ साली श्रीरामपूरचा छापखाना जळाला आणि अनेक हस्तलिखिते भस्म झाली, तरी काम पुन्हा सुरू झाले. मराठीतला नवा करार प्रथम याच छापखान्यातून १८११ साली बाहेर पडला होता, हे मराठी मंडळीने विसरू नये.

गॉर्डन हॉल १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस आले. कंपनी सरकारला ते नको होते आणि त्यांना परत पाठविण्याचा घाट घातला गेला. तेरा वर्षे ते रस्त्यांत, बाजारांत, खेड्यांत मराठीतून बोलत राहिले. १८२६ च्या मार्चमध्ये नाशिकच्या बाजूस दौऱ्यावर असता पटकीने त्यांचा अंत झाला. त्या दिवशी कोणी हिशेब केला असता तर बाप्तिस्मा घेतलेल्यांची संख्या सांगण्याजोगी नव्हती. अहमदनगरचे काम सुरू झाले ते १८३१ साली आणि 'ज्ञानोदय' निघाला १८४२ साली. यांपैकी काहीही हॉल यांनी पाहिले नाही.

शाळेत शिकविणाऱ्यांनी बाबा पदमनजी यांचे उदाहरण ध्यानी ठेवावे. १८३१ साली बेळगावात त्यांचा जन्म झाला, तेथल्या मिशन शाळेत ते शिकले आणि १८५४ साली बेळगावातच त्यांचा बाप्तिस्मा झाला. बाकावर बसलेल्या त्या मुलाकडे पाहून हा पुढे 'यमुनापर्यटन' लिहील असे कोणास वाटले असेल?

रेव्ह. नारायण वामन टिळक १८९३ साली राजनांदगावास जात असता आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाने त्यांना नवा करार दिला. १८९५ च्या फेब्रुवारीत टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. एक पुस्तक हाती देऊन तो प्रवासी आपल्या वाटेने निघून गेला.

टिळकांच्या घरची गोष्टही मननीय आहे. बाप्तिस्म्यामुळे त्यांची व लक्ष्मीबाईंची काही वर्षे ताटातूट झाली. पुढे त्या नांदावयास आल्या तरी त्यांनी आपले सोवळे-ओवळे सोडले नव्हते. टिळकांनी सक्ती केली नाही. १९०० साली लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या निश्चयाने बाप्तिस्मा घेतला. चिकाटी म्हणजे लकडा लावणे नव्हे. ज्याच्याशी आपण बोलतो त्याच्या मनाचा मान राखून, प्रेम न आटू देता वाट पाहणे ही खरी चिकाटी.

४. आज आपण काय करावे?

(अ) दोन-तीन नावे वहीत लिहून त्यांच्यासाठी रोज प्रार्थना करावी. ज्याच्यासाठी आपण प्रार्थना करतो त्याचा कंटाळा येत नाही.

(आ) एकट्याने ओझे वाहू नये. पौलासही अक्विल्ला व प्रिस्किल्ला लागले, पुढे सीला व तीमथ्य आले तेव्हा बळ मिळाले. शिक्षकांनी आठवड्यातून एकदा तरी दोघे-दोघे मिळून बसावे.

(इ) नाते तोडू नये. शेजाऱ्याने आपले बोलणे नाकारले तरी त्याच्या आजारपणात आपण पहिले जावे. त्यात काही पदरात पाडून घेण्याचा हेतू नसावा, कारण आमिषाने मिळवलेला होकार हा विश्वास नव्हे.

(ई) एक दार बंद झाले तर शेजारचे पाहावे. वर्गात मुले येत नसतील तर त्यांच्या घरी जावे. पाचच आली तर पाचांची तयारी पन्नासांसारखी करावी.

काहींना आपल्या हयातीत पीक दिसेल, काहींना दिसणार नाही. हे कटू आहे, पण खरे आहे, आणि ते लपविल्याने कोणाचे बळ वाढत नाही. परंतु धनी शेताचा आहे, आणि पेरणाऱ्याला तो विचारील ते पेरणीबद्दल.

चर्चेसाठी प्रश्न

१. पौलाने करिंथ सोडले नाही, याची कोणती कारणे या उताऱ्यात दिसतात?
२. आपल्या मंडळीत कोणते दार बंद झाले आहे? त्याच्या शेजारी कोणते उघडे आहे?
३. चिकाटी व लकडा यांतला फरक आपल्या अनुभवातून सांगा.
४. आपल्याला विश्वासाकडे आणणाऱ्यांपैकी ज्यांना त्याचे फळ पाहावयास मिळाले नाही, असे कोण होते? त्यांच्याबद्दल देवाचे उपकार मानून वर्ग संपवावा.