धांवण्याचे जोडे आणि कोबेचे ओनित्सुका

आमच्या वाचकांपैकीं ज्यांनीं लांब पल्ल्याची शर्यत धांवून पाहिली असेल, त्यांस पायांच्या फोडांची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. या फोडांशीं झगडलेल्या एका जपानी कारखानदाराची हकीगत आम्हीं आज सांगणार आहों.

किहाचिरो ओनित्सुका हे दुसऱ्या महायुद्धांत सैन्यांतील अधिकारी होते. युद्धानंतर कोबे शहरांतील मुलें वाईट मार्गास लागलेलीं पाहून, खेळानें तीं सावरतील अशा विश्वासानें त्यांनीं १९४९ सालीं जोड्यांचा धंदा काढला. जोडे करण्याचें ज्ञान मात्र मुळींच नव्हतें. त्यांचा बास्केटबॉलचा पहिला जोडा पाहून एका शिक्षकांनीं त्यास गवती चपलेची उपमा दिली! दुसरा कोणी रागावून घरीं बसता; ओनित्सुका क्रीडागृहांत जाऊन खेळाडूंचे पाय न्याहाळीत बसले. एकदम थांबतांना व वळतांना तळ जमिनीस कसा धरून राहील, हा प्रश्न होता. १९५१ च्या उन्हाळ्यांत जेवतांना काकडीच्या कोशिंबिरींतील ऑक्टोपसच्या पायावरचे वाटीसारखे चोषक त्यांच्या दृष्टीस पडले, आणि तळास तसेच खोलगे पाडावे असें सुचलें. पहिले जोडे इतके चिकटले कीं खेळाडू कोलमडूं लागले. मग खोलगे उथळ करावे लागले.

मॅरेथॉनची शर्यत ४२ किलोमीटरांहून लांब. तींत फोड यावयाचेच, अशी धांवणाऱ्यांची समजूत. ओनित्सुकांस तें पटेना. पाऊल वारंवार आदळून जोड्यांत उष्णता कोंडते व तिच्यामुळें फोड उठतात, हें वैद्यकाच्या जाणकारांकडून समजून घेऊन त्यांनीं मोटारसायकलचें हवेनें थंड होणारें इंजिन नजरेपुढें ठेविलें. जोड्यास पुढें व बाजूंस छिद्रें पाडलीं. पाऊल टेकलें कीं तापलेली हवा बाहेर जाई, उचललें कीं थंड हवा आंत येई. १९६० च्या सुमारास निघालेल्या या जोड्याचें नांव 'मॅजिक रनर'.

त्याच वर्षीं इथियोपियाचे अबेबे बिकिला यांनीं रोमच्या ऑलिम्पिकमध्यें अनवाणी धांवून मॅरेथॉन जिंकली. अशा पुरुषास जोडे देऊं करणें म्हणजे धाडसच! तरी १९६१ सालीं बिकिला जपानांत शर्यतीस आले असतां ओनित्सुकांनीं त्यांस गांठून, रस्त्यावर काचा असतात असें सांगून राजी केलें. आणि ते जोडे घालून बिकिला जिंकले. (१९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्यें त्यांच्या पायांत एका जर्मन कंपनीचे जोडे होते. व्यापारांत असें चालावयाचेंच.) अमेरिकेंत ओनित्सुकांचे जोडे विकणारी एक लहान कंपनीही पुढें वेगळी होऊन 'नायकी' नांवानें प्रसिद्ध झाली.

१९७७ सालीं आणखी दोन कंपन्या येऊन मिळाल्या व 'ॲसिक्स' हें नांव ठरलें. निरोगी शरीरांत निरोगी आत्मा असावा, अशा अर्थाच्या लॅटिन वचनांतील पांच शब्दांचीं तीं आद्याक्षरें होत. ओनित्सुका २००७ सालीं निवर्तले. कंपनीची मुख्य कचेरी अद्याप कोबे येथेंच आहे.