खातिर आणि खात्री : विचार, वास्तव आणि मनाची कुंपणे

मनुष्याच्या मनात दिवसभर विचारांची ये-जा सुरू असते. त्यांतील थोडे विचार त्याने स्वतः बोलावलेले असतात. पुष्कळसे न बोलावताच आलेले असतात. अल्लाहने मनुष्याला विचार करण्याची जी शक्ती दिली, ती फार मोठी देणगी आहे, आणि दिव्य कुरआनने आकाश व पृथ्वीच्या निर्मितीवर चिंतन करणाऱ्यांना बुद्धिमान म्हणून गौरविले आहे. परंतु याच कुरआनने मनुष्याला त्याच्या तर्ककुतर्कांपासून वारंवार सावधही केले आहे. मग श्रद्धावंताने कोणत्या विचारावर भिस्त ठेवावी, कोणता पारखून घ्यावा आणि कोणता दारातूनच परत पाठवावा? या पाठात आपण हाच प्रश्न समजून घेणार आहोत.

एका शब्दाचा प्रवास

मराठीत आपण रोज ‘खात्री’ हा शब्द वापरतो. त्याचे मूळ अरबी ‘खातिर’ या शब्दात आहे. अरबीत ‘खातिर’ म्हणजे मन, आणि मनात चटकन येऊन जाणारा विचारही. हा शब्द फारसीच्या वाटेने दख्खनमध्ये आला आणि मराठीत त्याला निश्चितीचा अर्थ मिळाला. अरबीत जो क्षणभर डोकावणारा विचार होता, तो आपल्या बोलीत पक्की खूणगाठ झाला.

शब्दांच्या बाबतीत असे होणे स्वाभाविक आहे. मनाच्या बाबतीत मात्र ते धोक्याचे आहे. मनात एक खातिर येते, चार वेळा येते, घरातले दुसरे कोणी तेच बोलते आणि पाहता पाहता तिची खात्री होते. मध्ये पुरावा कोठेच आलेला नसतो. आपल्या आयुष्यातील पुष्कळ निर्णय अशा बिनपुराव्याच्या खात्रीवर उभे असतात.

ज्ञानाच्या पायऱ्या

आपल्या विद्वानांनी मनातील समजुतींच्या पायऱ्या फार काळजीपूर्वक ठरविल्या आहेत. ज्यात शंकेला जागा नाही ते यकीन. ज्यात एक बाजू स्पष्टपणे जड आहे, पण दुसरी शक्यता पूर्णपणे संपलेली नाही, ते ज़न्न. ती बाजू फारच जड असेल तर ज़न्ने गालिब. दोन्ही पारडी सारखी असतील तर शक. आणि जी बाजू हलकी आहे, तरी मन तिलाच चिकटून बसते, तो वहम.

या पायऱ्यांवर शरीअतचे व्यावहारिक नियम उभे आहेत. अनोळखी गावी किब्ला सापडत नसेल आणि विचारायला कोणी नसेल, तर विचारपूर्वक बांधलेल्या अंदाजावर नमाज अदा होते. तेथे ज़न्ने गालिब पुरेसा आहे. उलट, वुजू केल्याचे निश्चित आठवते, पण तो राहिला की नाही असे उगाच वाटू लागते, तेव्हा वुजू कायमच मानला जातो. निश्चित गोष्ट केवळ शंकेने नाहीशी होत नाही, हा फिक्हचा पायाभूत नियम आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी स्पष्ट खूण मिळेपर्यंत नमाज सोडू नये, असे सांगून हा मार्ग दाखविला.

कुरआनात ‘ज़न्न’ हा शब्द सर्वत्र निंदेच्या अर्थाने आलेला नाही. सूरह बकरहच्या ४६ व्या आयतीत आपल्या पालनकर्त्याची भेट होणार, हे मनोमन मानणाऱ्यांसाठी याच धातूचे क्रियापद आले आहे आणि भाष्यकारांनी तेथे त्याचा अर्थ दृढ विश्वास असा केला आहे. सूरह नज्मच्या २८ व्या आयतीत मात्र सत्यापुढे निव्वळ तर्काचा काहीच उपयोग होत नाही, असे बजावले आहे. सूरह हुजुरातच्या १२ व्या आयतीत लोकांविषयी फार गुमान करण्यापासून रोखले आहे. म्हणजे दोष अंदाज बांधण्यात नाही. अंदाजाला सत्याच्या आसनावर बसविण्यात आहे.

किल्लारीचा धडा

आपल्या लातूर-नांदेडच्या वाचकांना याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूरचा परिसर सुमारे ६.२ तीव्रतेच्या भूकंपाने हादरला. आदल्या रात्री गणेश विसर्जन आटोपून गावे झोपी गेली होती. तत्कालीन लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून आठ हजारांच्या आसपास माणसे दगावली. कित्येक अंदाजांत हा आकडा दहा हजारांपर्यंत जातो. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली.

त्या रात्रीपूर्वी सर्वांच्या मनात दोन खात्री होत्या. पहिली, दख्खनच्या कातळाची ही भूमी हलत नाही. ही केवळ खेडूतांची समजूत नव्हती. देशाच्या भूकंपविषयक नकाशातही हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात याच परिसराला अनेक हादरे बसले होते, तरी मोठ्या संकटाची कल्पना फारशी कोणाला शिवली नाही. दुसरी खात्री, जाड भिंतीचे घर म्हणजे मजबूत घर. वास्तवात त्या भिंती मातीत रचलेल्या दगडांच्या दोन थरांच्या होत्या. मध्ये नुसती भर असे आणि दोन्ही थरांना सांधणारे आरपार दगड बहुधा नसत. वर माळवद, आणि गळू नये म्हणून त्यावर वर्षानुवर्षे पडत गेलेली माती. जे ओझे उन्हापासून सांभाळत होते, तेच त्या पहाटे अंगावर आले. गरिबाची हलकी छपराची झोपडी मात्र अनेक ठिकाणी टिकली.

हे गेलेल्यांना बोल लावण्यासाठी लिहिलेले नाही. अल्लाह त्यांच्या वारसांना धीर देवो. सांगायचे ते इतकेच की खात्री कितीही जुनी असो, कितीही लोकांची असो, तिने वास्तव बदलत नाही.

या प्रसंगाची दुसरी बाजूही पाहण्यासारखी आहे. भूकंपानंतर लोकांनी दगडाचाच धसका घेतला. पुष्कळांना चिरेबंदी भिंतीआड झोप येईना. ते पत्र्याच्या खोलीत उन्हाने भाजून निघणे पसंत करू लागले. वास्तविक दोष दगडात नव्हता, बांधणीत होता. आरपार दगड घालून, भिंतीला पट्टे देऊन आणि छताचे ओझे कमी करून दगडी घरही पुष्कळ सुरक्षित करता येते, हे पुढे दुरुस्तीच्या कामांत अभियंत्यांनी दाखवून दिले. आधी अतिविश्वास होता, नंतर अतिभय आले. दोन्ही वेळी मनाने पारख न करता खातिरेची खात्री केली. नकाशा करणाऱ्यांनी मात्र आपली चूक कागदावर सुधारली. २००२ च्या भारतीय मानकात तो सर्वांत खालचा पट्टाच काढून टाकण्यात आला. वास्तव समोर आल्यावर आपला नकाशा बदलणे यात कमीपणा नाही; हेच ज्ञानाचे लक्षण आहे.

ग्रहण आणि सावली

हिजरी सनाच्या १० व्या वर्षी प्रेषित (स.) यांचे चिमुकले पुत्र हजरत इब्राहीम (रजि.) यांचे निधन झाले आणि त्याच दिवशी सूर्याला ग्रहण लागले. लोक म्हणू लागले की त्यांच्या मृत्यूमुळेच सूर्य झाकोळला. दुःखाच्या त्या घडीला ही समजूत तशीच राहू दिली असती, तर कोणी हरकत घेतली नसती. परंतु प्रेषितांनी (स.) लोकांना समजावले की सूर्य आणि चंद्र ही अल्लाहची चिन्हे आहेत, कोणाच्या मृत्यूने वा जन्माने त्यांना ग्रहण लागत नाही. आपल्या सन्मानात भर घालणारी समजूतही त्यांनी चालू दिली नाही, कारण ती सत्य नव्हती.

इमाम गज़ाली (र.) यांनी आपल्या आत्मकथनात ज्ञानाच्या शोधाची हकीकत सांगितली आहे. भिंतीची सावली डोळ्यांना स्थिर दिसते, पण घटकाभराने पाहिले तर ती सरकलेली असते. तारा दिनाराएवढा दिसतो, पण भूमितीच्या आधारे तो पृथ्वीपेक्षा मोठा ठरतो. डोळ्याची चूक बुद्धीने दाखविली. मग बुद्धीची मर्यादा कोण दाखविणार? या प्रश्नाने ते सुमारे दोन महिने व्याकुळ होते. अखेर अल्लाहने अंतःकरणात टाकलेल्या प्रकाशाने त्यांना स्थैर्य लाभले. इमामसाहेबांनी इंद्रिये टाकली नाहीत की बुद्धीही टाकली नाही. प्रत्येकीची मर्यादा ओळखून तिला तिच्या जागी बसविले आणि वहीचे, अर्थात ईश्वरी संदेशाचे स्थान या सर्वांच्या वर मानले.

हद्द कोणी घातली?

आता आपल्या घराकडे वळू. अल्लाहने मनुष्याच्या भल्यासाठी हद्दी घालून दिल्या आहेत. त्यांना हुदूदुल्लाह म्हणतात. त्या ओलांडणे हा गुन्हा आहे. परंतु अल्लाहने न घातलेली हद्द स्वतः आखून तिला दीनचे नाव देणे, हाही लहान अपराध नव्हे. कुरआनने ‘आमचे वाडवडील असेच करीत होते’ या सबबीला आधार मानलेले नाही.

‘गणित आपल्या मुलांच्या डोक्यात शिरत नाही.’ ‘मराठी आपली भाषा नव्हे.’ ‘दहावीनंतर मुलीला शिकविणे आपल्यात चालत नाही.’ नांदेड-लातूरच्या मोहल्ल्यांत ऐकू येणाऱ्या या वाक्यांना एकच प्रश्न विचारावा : ही हद्द कोणी घातली?

भाषेचे पाहू. १९४८ पर्यंत आपले जिल्हे निजामाच्या राज्यात होते आणि कचेरीची भाषा उर्दू होती. म्हणून आपल्या कुटुंबांत उर्दूचे शिक्षण रुजले. हा इतिहास आहे, शरीअतचा आदेश नाही. उर्दू जपावी, ती आपल्या दीनी ग्रंथांचे मोठे भांडार आहे. पण मराठी परकी आहे, हा वहम आहे. सूरह इब्राहीमच्या ४ थ्या आयतीनुसार प्रत्येक प्रेषित त्याच्या लोकांच्या भाषेतच संदेश घेऊन आला. मग ज्या भाषेत आपले शेजारी बोलतात, सात-बारा वाचला जातो आणि डॉक्टर औषधाची माहिती सांगतो, ती आपल्यासाठी परकी कशी?

मुलींच्या शिक्षणाचे पाहू. उम्मुल मोमिनीन हजरत आयशा (रजि.) यांच्याकडून २,२१० हदीसी रिवायत झाल्या आहेत आणि मोठमोठे सहाबा त्यांच्याकडे मसले विचारायला येत. मुलीच्या सुरक्षिततेची, परद्याची आणि प्रवासाची काळजी रास्त आहे. ती शरीअतनेच शिकविली आहे. पण काळजीचे उत्तर व्यवस्था हे असते. चार घरांनी मिळून सोबतीची सोय करावी, एस.टी.च्या वेळा जुळवाव्यात, चांगले वसतिगृह पाहावे. दप्तर बांधून फळीवर ठेवणे ही व्यवस्था नव्हे.

प्रत्येक भिंत मनातली नसते

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. सर्व अडचणी मनाच्याच असतात, विचार बदलला की सारे बदलते, असे आजकाल सांगितले जाते. हेही एक गुमानच आहे. जालना जिल्ह्यातील एका रिक्षाचालकाचे पुत्र अन्सार शेख २०१५ च्या केंद्रीय लोकसेवा परीक्षेत पहिल्याच प्रयत्नात, वयाच्या २१ व्या वर्षी यशस्वी झाले. पुण्यात शिकताना मुस्लिम नावामुळे खोली मिळेना, म्हणून मित्राचे नाव सांगावे लागले, असे त्यांनीच जाहीरपणे सांगितले आहे. तसे करणे योग्य की अयोग्य, हा येथील विषय नाही. बंद दार खरे होते. गरिबीही खरी होती. पण ‘आपल्याला जमणार नाही’ हे तिसरे दार त्यांनी स्वतः लावून घेतले नाही.

म्हणून बाहेरची भिंत आणि आतले कुंपण वेगळे ओळखावे. बाहेरच्या भिंतीसाठी प्रयत्न, सबर, कायदा आणि सोबत लागते. आतले कुंपण आपणच काढायचे असते. सूरह रअदच्या ११ व्या आयतीचा बोध हाच आहे की लोक आपल्या अंतरंगात बदल करीत नाहीत, तोवर अल्लाह त्यांची स्थिती बदलत नाही.

‘नशिबातच नव्हते’ हे शब्दही असेच जपून वापरावेत. हिजरी १८ मध्ये शाम देशात अमवासची साथ पसरली, तेव्हा हजरत उमर (रजि.) यांनी तेथे न जाता परतण्याचा निर्णय घेतला. हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले, हे तकदीरपासून पळणे नव्हे काय? हजरत उमर (रजि.) यांच्या उत्तराचा आशय असा की आम्ही अल्लाहच्या एका निर्णयाकडून त्याच्याच दुसऱ्या निर्णयाकडे जात आहोत. त्यांनी दाखला दिला तो दोन उतारांच्या खोऱ्याचा : एक उतार हिरवा, दुसरा उजाड, गुराख्याने उंट कोठेही चारले, तरी ते तकदीरनेच. दुष्काळी मुलखातील शेतकऱ्याला हा दाखला अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. तकदीरवरचे ईमान हिरव्या उताराकडे जाण्याची वाट अडवीत नाही.

मनाचे जाते

इमाम इब्ने कय्यिम (र.) यांनी मनाला जात्याची उपमा दिली आहे. जाते थांबत नाही. त्यात काही तरी पडणारच. धान्य घातले तर पीठ निघेल. खडे आणि वाळू घातली तर तेच दळले जाईल आणि पीठ मळायच्या वेळी कळेल की आपण काय दळले. त्यांनी असेही सांगितले की आरंभीच्या क्षणिक विचाराला परतविले नाही तर त्याचे चिंतन होते, चिंतनाची इच्छा, इच्छेचा निश्चय, निश्चयाची कृती आणि कृतीची सवय होते. सवय मोडण्यापेक्षा पहिला विचार परतविणे सोपे असते.

यात दिलासाही आहे. मनात नुसता येऊन गेलेला वाईट विचार बोलण्यात किंवा कृतीत उतरला नाही, तर या उम्मतला त्याची माफी आहे, असे सही हदीसवरून कळते. म्हणून वसवशाने घाबरून जाऊ नये. पाहुणा दारात आला म्हणून तो घरधनी होत नाही.

घरी करावयाचा अभ्यास

या महिन्यात आठवड्यातून एकदा, इशाच्या नमाजनंतर, कुटुंबाने एकत्र बसावे. ‘आपल्याला जमत नाही’ किंवा ‘आपल्यात चालत नाही’ असे घरात बोलले जाणारे एक वाक्य निवडावे आणि त्याला चार प्रश्न विचारावेत. हे यकीन आहे, ज़न्न आहे, शक आहे की वहम? ही अल्लाहची हद्द आहे की आपली रूढी? शरीअतचा मुद्दा असेल तर जाणत्या आलिमला विचारले काय? अडचण बाहेरची असेल, तर तिच्यावर उद्या सकाळी करण्याजोगे एक काम कोणते? मुलांना बोलू द्यावे. पुष्कळदा कुंपण थोरांनी घातलेले असते आणि ते प्रथम मुलांना दिसते.

हे अल्लाह, आम्हाला सत्य हे सत्य म्हणून दाखव आणि त्यावर चालण्याचे बळ दे. असत्य हे असत्य म्हणून दाखव आणि त्यापासून दूर राहण्याची शक्ती दे. तू घातलेल्या हद्दींचा आदर आणि तू न घातलेल्या कुंपणांतून मुक्ती आमच्या घरांना लाभो. आमीन.