शहरी कचऱ्याचे खत आणि आपले आरोग्य

आपल्या जळगाव-धुळ्याकडे वांग्याच्या भरताबरोबर कांद्याची पात कच्चीच खातात. म्हणून ती कोणत्या खतावर वाढली, हा आरोग्याचाही प्रश्न आहे.

शहरी कचऱ्यात मैलाही मिसळतो; त्यातून हगवणीचे जंतू व जंतांची अंडी खतात येतात. ढिगाच्या आत १५ दिवस निदान ५५ अंश सेल्सिअस उष्णता राहिली आणि त्या काळात ढीग ५ वेळा उलथला, तर ती बहुतांशी मरतात. खत काळे दिसले म्हणजे निर्धोक झाले, असे नव्हे.

धनुर्वाताचे जंतू मात्र या उष्णतेतही टिकतात. म्हणून शेतकरी रुग्णांना मी सांगतो, खत अनवाणी पसरू नका. जखम झाल्यास साबणाने धुऊन डॉक्टरांना दाखवा, लस चुकवू नका. पालेभाजी मात्र प्रत्येकाने वाहत्या पाण्यात धुवावी.