पाण्याची ऊब आणि तळ्यातला मासा



शेततळ्यात मासे पाळणाऱ्या बचत गटांच्या बैठकीत मला एक प्रश्न हमखास विचारला जातो : "ताई, बीज सोडलं, खाद्यही रोज टाकलं, तरी मासा तळहाताएवढाच का राहिला?" या प्रश्नामागे गटाची वर्षभराची बचत असते. उत्तराचा मोठा भाग पाण्याच्या तापमानात आहे, म्हणून या अंकात तोच धडा घेऊ.

आपले अंग थंडीतही ऊबदार राहते. माशाचे तसे नाही. पाणी गार, तर मासाही गार. त्याची भूक, पचन आणि वाढ पाण्याच्या उबेवर चालते. तिलापिया या माशाचे उदाहरण पाहू.

१. नर की मादी?

तिलापियाचा नर मादीपेक्षा लवकर वाढतो. मादी अंडी तोंडात धरून उबवते आणि त्या दिवसांत जवळजवळ काही खात नाही. शिवाय नर-मादी एकत्र असले की काही महिन्यांतच तळ्यात पिल्लांची गर्दी होते. खाद्य वाटले जाते आणि सगळेच मासे खुरटतात.

पिल्लू नर की मादी, हे मुख्यतः आईबापांकडून आलेल्या गुणसूत्रांवर ठरते. पण ते पक्के होते जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत. त्या काळात पाणी ३४ ते ३६ अंश सेल्सिअस ठेवले, तर नरांचे प्रमाण वाढते. नर-संप्रेरकापासून मादी-संप्रेरक बनवणारे एक विकर पिल्लाच्या शरीरात असते. उष्णतेने त्याचे काम मंदावते. सर्व पिल्लांवर हा परिणाम सारखा होत नाही. म्हणून बीज केंद्रे बहुधा संप्रेरक मिसळलेले खाद्य देऊन सर्व-नर बीज तयार करतात.

आपल्यासाठी बोध असा : बोटुकली तळ्यात येते तेव्हा नर-मादी ठरून गेलेले असते. आपल्या तळ्यातल्या मे महिन्याच्या उन्हाने मादीचा नर होत नाही. म्हणून पैसे देण्याआधीच विचारा, "बीज सर्व-नर आहे का?" तिलापिया पाळायला मत्स्यव्यवसाय विभागाची परवानगी लागते, तीही आधी घ्या. हा मासा ओढ्या-नदीत सुटला तर तिथल्या माशांच्या जागेवर आणि खाद्यावर हक्क सांगतो.

२. वाढ

तिलापिया साधारण २८ ते ३० अंशांत उत्तम वाढतो. २० अंशांखाली तो खाणे फार कमी करतो. पाणी १०-१२ अंशांवर गेले तर मरू लागतो. रोहू, कटला, मृगळ यांनाही ऊबदार पाणीच मानवते. सातपुड्यात, तोरणमाळच्या बाजूला, डिसेंबर-जानेवारीत पाणी चांगलेच गारठते. तेव्हा नेहमीएवढी पेंड आणि कोंडा टाकला तर तो तळाशी कुजतो. उधारीवर आणलेले खाद्य वाया जाते आणि पाणीही बिघडते.

फार उष्णताही बरी नाही. २० अंशांच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांवर साडेसातच. माशाला मात्र गरम पाण्यात प्राणवायू जास्त लागतो. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडू लागले, तर त्या दिवशी खाद्य बंद ठेवा आणि ताजे पाणी सोडा.

३. आपण काय करावे?

दोरीला बांधलेला तापमापक पाण्यात हातभर खोल सोडा. सकाळी आणि दुपारी तीन वाजता आकडा वहीत लिहा. पाणी गार असेल तर दुपारी, ऊन लागल्यावर, थोडेच खाद्य द्या. उन्हाळ्यात तळ्यात निदान पाच फूट पाणी राखा. खोल पाणी लवकर तापत नाही आणि लवकर गारही होत नाही.

गटात चर्चेसाठी :
- आपल्या तळ्याचे पाणी कोणत्या महिन्यात सर्वांत गार असते?
- त्या महिन्यात मागच्या वर्षी किती खाद्य टाकले?
- बीज घेताना आपण काय विचारले होते?

पुढच्या बैठकीला येताना वही सोबत आणा. आकडे आपण मिळून वाचू.