घरच्या घरी व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर (रिव्हर्बसकट!)

फ्लेमिंगचा डायोड १९०४, ली डी फॉरेस्टचा ऑडियन १९०६, १९४७ साली ट्रान्झिस्टर आला आणि व्हॉल्व्हचा विषय संपला. आपल्याला कॉलेजात साधारण एवढंच कळतं. पण गिटार वाजवणाऱ्यांच्या जगात हा विषय अजून संपलेला नाही. स्लोव्हाकियात आणि चीनमध्ये आजही व्हॉल्व्ह बनतात, आणि त्यातले बरेचसे गिटारच्या ॲम्प्लिफायरमध्येच जातात.

मी बांधलेला ॲम्प्लिफायर साधारण ५ वॉटचा आहे. एक ईएल८४, दोन ईसीसी८३, एक ईसीसी८१ आणि स्प्रिंगचा रिव्हर्ब. सर्किटमध्ये नवीन काही नाही, फेंडर कंपनीने पन्नास-साठच्या दशकात रूढ केलेलीच पद्धत आहे. पण मित्रांनो, 'मॅक्सिमम पॉवर ट्रान्सफर', 'लोड लाइन', 'टाइम कॉन्स्टंट' हे शब्द परीक्षेपुरते पाठ करणं वेगळं आणि २८० व्होल्टच्या शेजारी हात घालण्याआधी ते समजून घेणं वेगळं. हा लेख त्यासाठी.

व्हॉल्व्हच का?

खरं सांगायचं तर ट्रान्झिस्टरचा ॲम्प्लिफायर स्वस्त, हलका आणि जास्त स्वच्छ आवाजाचा असतो. गाणी ऐकायला तोच घ्यावा. गिटारचं मात्र वेगळं आहे. तिथे ॲम्प्लिफायर हा वाद्याचाच भाग असतो. भरपूर निगेटिव्ह फीडबॅक असलेलं सर्किट शेवटपर्यंत सरळ चालतं आणि सप्लायच्या मर्यादेला लागलं की लाटेचा माथा एकदम सपाट कापतं. आपला एकच पॉवर व्हॉल्व्ह माथा हळूहळू दाबत नेतो, तोही एका बाजूला जास्त. त्यामुळे सेकंड हार्मोनिक, म्हणजे वरच्या सप्तकातला तोच सूर, आवाजात मिसळतो. कानाला ते भरदार वाटतं.

आधी कागदावर

ईएल८४ ची डेटाशीट उघडा. प्लेट आणि स्क्रीनला २५० व्होल्ट, प्लेट करंट ४८ मिलिॲम्पिअर, स्क्रीन करंट ५.५ मिलिॲम्पिअर, कॅथोड रेझिस्टर १३५ ओहम, प्लेट लोड ५.२ किलोओहम, आऊटपुट ५.७ वॉट. आता गुणाकार करा. २५० गुणिले ०.०४८ म्हणजे १२ वॉट, आणि या व्हॉल्व्हच्या प्लेटची मर्यादाही १२ वॉटच आहे! म्हणजे बिचारा कायम काठावर उभा. म्हणून मी १३५ च्या जागी १५० ओहम, २ वॉटचा रेझिस्टर टाकला. करंट थोडा उतरतो, व्हॉल्व्हला आयुष्य मिळतं.

स्पीकर ८ ओहमचा, व्हॉल्व्हला हवेत ५२०० ओहम. गुणोत्तर ६५०, त्याचं वर्गमूळ २५.५. हा झाला आऊटपुट ट्रान्सफॉर्मरचा टर्न्स रेशो. प्रायमरीतून सतत डीसी वाहतो, त्यामुळे कोअर सॅच्युरेट होऊ नये म्हणून पट्ट्यांमध्ये गॅप ठेवावी लागते. वाइंडिंग करणाऱ्याला हे आवर्जून सांगा, नाहीतर तो नेहमीच्या सवयीने पट्ट्या आलटूनपालटून भरून देईल. जुन्या व्हॉल्व्ह रेडिओतला ट्रान्सफॉर्मरही चालतो, पण तपासून घ्या. फंक्शन जनरेटरने सेकंडरीला १ व्होल्ट दिला तर प्रायमरीवर सुमारे २५ व्होल्ट दिसायला हवेत.

प्रीॲम्पच्या किती स्टेज? ईएल८४ च्या ग्रिडला पुरेपूर हलवायला साधारण ७ व्होल्ट पीक लागतो. गिटारमधून येतात जेमतेम १०० मिलिव्होल्ट. ईसीसी८३ ची एक बाजू, १०० किलोओहम प्लेट रेझिस्टर आणि १.५ किलोओहम कॅथोड रेझिस्टरवर, सुमारे ६० पट गेन देते. म्हणजे एका स्टेजमध्ये जवळजवळ भागतं. पण टोन कंट्रोल आणि रिव्हर्बचं मिक्सिंग मिळून बराच सिग्नल खातात. म्हणून तीन स्टेज. दोन ईसीसी८३ मध्ये चार बाजू मिळतात. तीन गेनसाठी आणि चौथी रिव्हर्बसाठी.

पॉवर सप्लाय : इथे घाई नको

२०० व्होल्ट, १५० मिलिॲम्पिअर आणि ६.३ व्होल्ट, २.५ ॲम्पिअर अशा दोन सेकंडरींचा ट्रान्सफॉर्मर करून घेतला. २०० गुणिले १.४१४ म्हणजे सुमारे २८० व्होल्ट डीसी. लोड नसताना आणि लाइन चढलेली असताना तो ३०० च्या वर जातो, म्हणून फिल्टर कपॅसिटर ४५० व्होल्टचेच घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गिटारच्या तारा ब्रिजमार्फत जॅकच्या ग्राउंडला जोडलेल्या असतात आणि जॅकचं ग्राउंड चॅसीला. म्हणजे वाजवणाऱ्याची बोटं थेट तुमच्या चॅसीवर आहेत! ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन फुटून फेज चॅसीला लागली, तर अर्थिंग असेल तेव्हा फ्यूज उडेल. अर्थिंग नसेल तर तारा 'लाइव्ह' होतील. १९७२ साली 'स्टोन द क्रोज' या बँडचा गिटारिस्ट लेस हार्वी वेल्समधल्या स्वान्सी इथे स्टेजवर विजेच्या धक्क्याने गेला. हातात गिटार होती आणि अर्थ नसलेल्या माइकला त्याचा स्पर्श झाला. म्हणून थ्री-पिन वायर, अर्थची वायर चॅसीला वेगळ्या बोल्टने घट्ट, आणि प्रायमरीला ५०० मिलिॲम्पिअरचा स्लो-ब्लो फ्यूज. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या जुन्या 'एसी-डीसी' रेडिओचं चॅसी यासाठी कधीही वापरू नका, ते थेट मेन्सला जोडलेलं असतं.

"घरात ईएलसीबी आहे, काय होतंय?" असं मला एकाने विचारलं. होतं! ईएलसीबी फेज आणि न्यूट्रलमधल्या करंटचा फरक बघतो. २८० व्होल्टचा शॉक सेकंडरीच्या बाजूला बसतो, तिथला करंट फिरून सेकंडरीतच परत जातो आणि प्रायमरीकडे फरक काहीच दिसत नाही. तो पडणार नाही.

स्विच बंद केला तरी कपॅसिटर भरलेले असतात. एकूण १०० मायक्रोफॅरड, २८० व्होल्ट म्हणजे जवळजवळ ४ ज्यूल. त्यांच्यावर २२० किलोओहम, २ वॉटचा ब्लीडर कायमचा लावा. टाइम कॉन्स्टंट २२ सेकंद, पाच पट म्हणजे ११० सेकंद. दोन मिनिटं थांबा, मीटरने बघा, मगच हात घाला. ब्लीडरचा डाग सुटलेला असू शकतो, म्हणून मीटर हवाच.

रिव्हर्ब

स्प्रिंगमधून आवाज उशिरा पोहोचतो, ही कल्पना बेल लॅब्जने लांब पल्ल्याच्या टेलिफोन लाइनचा उशीर प्रयोगशाळेत आणण्यासाठी वापरली होती. पुढे हॅमंडने ती ऑर्गनमध्ये आणली. फेंडरचं वेगळं रिव्हर्ब युनिट १९६१ चं, आणि १९६३ च्या व्हायब्रोव्हर्बमध्ये ते ॲम्प्लिफायरच्या आतच आलं.

टँकमध्ये एका टोकाला कॉइल स्प्रिंगला पीळ देते, दुसऱ्या टोकाची कॉइल ती हालचाल पकडते. मोठ्या टँकमध्ये एका फेरीला सुमारे ३० ते ४० मिलिसेकंद लागतात. लाट दोन्ही टोकांना आपटत राहते आणि आवाज रेंगाळतो.

टँकची इनपुट कॉइल ८ ओहमची, म्हणजे पुन्हा तोच प्रश्न! ईसीसी८१ च्या दोन्ही बाजू पॅरलल जोडून छोट्या ट्रान्सफॉर्मरने कॉइल चालवायची. २२.८ किलोओहम ते ८ ओहम, रेशो सुमारे ५३. टँकमधून परत येतात फक्त काही मिलिव्होल्ट, ते ईसीसी८३ ची चौथी बाजू उचलते. मिक्सिंगला कोऱ्या सिग्नलच्या वाटेत ३.३ मेगओहम आणि रिव्हर्बच्या वाटेत ४७० किलोओहम ठेवले. टँकचं आऊटपुटचं टोक पॉवर ट्रान्सफॉर्मरपासून जितकं लांब तितकं बरं, नाहीतर रिव्हर्बऐवजी ५० हर्ट्झची गुणगुण ऐकू येईल.

सुरू करताना

१. व्हॉल्व्ह न लावता, मेन्समध्ये ६० वॉटचा फिलामेंटचा बल्ब सिरीजमध्ये लावून सुरू करा. एलईडी चालणार नाही. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला तर ठीक. पूर्ण प्रकाशात राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे.

२. हीटरच्या वायरी पीळ देऊन घ्या. दोन्ही टोकांपासून १००-१०० ओहमने ग्राउंड करा, गुणगुण बरीच कमी होते.

३. आऊटपुटला ८ ओहम, १० वॉटचा रेझिस्टर लावा. लोडशिवाय सिग्नल दिला तर प्रायमरीवर भलताच व्होल्टेज उठतो आणि ट्रान्सफॉर्मर जातो.

४. आता व्हॉल्व्ह लावा, बल्ब काढा. ईएल८४ च्या कॅथोडवर ७ ते ८ व्होल्ट दिसले की बायस बरोबर. १५० ने भागा, करंट मिळेल.

५. चालू सर्किटमध्ये मोजताना निगेटिव्ह प्रोब चॅसीला क्लिपने लावा आणि दुसरा हात खिशात. एकट्याने काम करू नका. सोबतच्याला मेन स्विच कुठे आहे ते आधी दाखवून ठेवा.

सुटे भाग लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळतात, व्हॉल्व्ह आणि टँक मात्र बहुधा मागवावे लागतात. टँक येईपर्यंत एक प्रयोग करता येतो. छोट्या स्पीकरच्या कोनला हलकी लांब स्प्रिंग चिकटवा आणि दुसऱ्या टोकाला पिझो डिस्क लावा. हा स्पीकर वेगळ्या छोट्या ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरने चालवा, पिझोची वायर दुसऱ्या ॲम्प्लिफायरला द्या. हे सगळं ९ व्होल्टवर होतं. आवाज टँकसारखा नसेल, पण स्प्रिंग आवाज कसा रेंगाळत ठेवते हे कानाने कळेल. ज्यांना व्हॉल्व्हच्या वाटेला जायचं आहे त्यांनी सुरुवात इथूनच करावी.